फॉर्म पूर्ण भरला तरी वेबसाइट म्हणते ‘नाव भरा’. घोळ असतो पीएचपीच्या सेटिंगच्या एका ओळीत

समजा, नांदगाव स्टेशनच्या बाहेर एक नेट कॅफे आहे. शेवटची तारीख आहे, म्हणजे गर्दी असणारच. एक पोरगी मोबाइल घेऊन आलीये. तिनं दाखल्यांचे फोटो मोबाइलवरच काढलेत. कॅफेवाला फॉर्म भरतो, नाव, पत्ता, जात, उत्पन्न, बँकेचा खाते नंबर, सगळं. फोटो जोडतो, सबमिट दाबतो. दोन मिनिटं चाक गरगर फिरतं आणि पान परत उघडतं. वर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘कृपया आपले नाव भरा.’

नाव तर भरलं होतं. पत्ताही भरला होता. कॅफेवाला म्हणतो, ‘सर्व्हर डाउन आहे, संध्याकाळी ये.’

संध्याकाळीही तेच होणार. कारण सर्व्हर डाउन नाहीये. सर्व्हर एकदम ठणठणीत आहे आणि त्याला जे सांगून ठेवलंय तेच तो करतोय. वेबसाइट पीएचपी या भाषेत लिहिलेली असेल, तर या गोंधळामागे एका साध्या टेक्स्ट फाइलमधली एक ओळ असू शकते.

त्या फाइलचं नाव पीएचपी डॉट आयएनआय.

ही पीएचपी आहे तरी काय?

रासमुस लेरडॉर्फ नावाचा एक प्रोग्रामर. जन्म ग्रीनलँडचा, वाढला डेन्मार्क आणि कॅनडात. १९९४ मध्ये त्यानं स्वतःच्या वेब पानासाठी काही छोटे प्रोग्राम लिहिले. आपला बायोडेटा कोण कोण बघतंय हे त्याला मोजायचं होतं. ८ जून १९९५ ला त्यानं हे प्रोग्राम जगाला खुले केले. नाव होतं पर्सनल होम पेज टूल्स. पुढं झीव सुरास्की आणि अँडी गटमन्स हे दोघं आले, त्यांनी भाषेचा गाभा नव्यानं लिहिला आणि जून १९९८ मध्ये पीएचपी ३ आली.

आज डब्ल्यूथ्रीटेक्सच्या मोजणीत, ज्या वेबसाइटची सर्व्हरवरची भाषा ओळखता येते त्यातल्या ७० टक्क्यांहून जास्त वेबसाइट पीएचपीवर आहेत. वर्डप्रेस पीएचपीत आहे. विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी पीएचपीत आहे. मायबोली आणि मिसळपाव उघडून वरचा पत्ता बघा, त्यात ‘नोड’ आणि पुढं एक नंबर दिसेल. ती ड्रुपलची खूण, आणि ड्रुपलही पीएचपीतच. मराठी माणसानं इंटरनेटवर गेल्या वीस वर्षांत जे भांडण, जे प्रेम, ज्या पाककृती लिहिल्या त्यातला मोठा वाटा या भाषेतून गेलाय.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉम्प्युटरच्या अभ्यासक्रमांतही पीएचपी शिकवली जाते. नाशिक जिल्हा याच विद्यापीठात येतो, म्हणजे नांदगावच्या पोराला डिग्रीला ही भाषा भेटू शकते. पण परीक्षेत लूप विचारतात, फंक्शन विचारतात. सेटिंगची फाइल सहसा कुणी विचारत नाही, ती भेटते थेट नोकरीत. तीही काहीतरी बंद पडल्यावर.

त्या पोरीच्या फॉर्मचं काय झालं?

पीएचपीमध्ये अपलोडसाठी दोन वेगळ्या मर्यादा आहेत. एकीचं नाव अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ, म्हणजे एक फाइल जास्तीत जास्त केवढी असावी. काही बदललं नसेल तर ती २ एमबी असते. दुसरी पोस्ट_मॅक्स_साइझ, म्हणजे फॉर्ममधलं सगळं मिळून, नाव-पत्ता-फोटो मिळून, जास्तीत जास्त केवढं असावं. ती ८ एमबी.

आता आजकालच्या मोबाइलचा एक फोटो सहज ४-५ एमबीचा असतो.

एकच फोटो असेल तर पहिली मर्यादा आडवी येते. फोटो नाकारला जातो, बाकीचा फॉर्म पोचतो. वेबसाइट बनवणाऱ्यानं नीट काम केलेलं असेल तर ‘फोटो मोठा आहे’ असा निरोप येतो. इथपर्यंत ठीक.

पण दोन फोटो मिळून ९ एमबी झाले की दुसरी मर्यादा ओलांडली जाते, आणि इथं पीएचपी जे करते ते भल्याभल्यांना चक्रावून टाकतं. ती फक्त फोटो टाकून देत नाही, अख्खा फॉर्म टाकून देते. वेबसाइटच्या प्रोग्रामला नाव रिकामं दिसतं, पत्ता रिकामा, फोटोही नाही. प्रोग्राम बिचारा पहिला रकाना तपासतो, रिकामा सापडतो, आणि इमानदारीत सांगतो, ‘कृपया आपले नाव भरा.’

खरं कारण एका ओळीत सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये पडलेलं असतं. इतके बाइट आले, मर्यादा इतकी होती. ते लॉग नांदगावच्या कॅफेत कुणाला दिसणार?

बरं, हे काही गुपित नाहीये. पीएचपीच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये पोस्ट_मॅक्स_साइझच्या माहितीत स्पष्ट लिहिलंय की मर्यादा ओलांडली तर फॉर्मचा मजकूर रिकामा येईल. तिथंच हेही लिहिलंय की ही मर्यादा एका फाइलच्या मर्यादेपेक्षा मोठी ठेवा. वेबसाइट बनवणाऱ्यानं ते पान वाचलं असतं तर पोरीचा हेलपाटा वाचला असता. सेटिंगचं डॉक्युमेंटेशन म्हटलं की लोकांना जांभई येते, पण प्रश्न एवढा साधा आहे.

६४ एमबी लिहिलं आणि मिळाले ६४ बाइट

आता याहून भारी किस्सा. समजा वेबसाइटवाल्याला कळलं की मर्यादा वाढवायची आहे. तो फाइल उघडतो, ८ काढतो आणि मोठ्या मनानं ६४ एमबी लिहितो. म्हणजे ६४ आणि पुढं रोमन लिपीतली एम आणि बी ही दोन अक्षरं.

इथं माती झाली. पीएचपीला आकड्यापुढं एकच अक्षर कळतं. के म्हणजे किलोबाइट, एम म्हणजे मेगाबाइट, जी म्हणजे गिगाबाइट. ती शेवटचं अक्षर बघते. शेवटी बी दिसला. बी तिच्या ओळखीचा नाही. मग तिनं काय करावं? अक्षरं सोडून दिली आणि नुसता आकडा घेतला. ६४ बाइट.

६४ बाइट म्हणजे किती? यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. ‘नांदगाव’ या शब्दात न, काना, अनुस्वार, द, ग, काना, व अशी ७ चिन्हं, म्हणजे २१ बाइट. गावाचं नाव तीनदा लिहिलं की ६३ बाइट संपले. चौथ्यांदा लिहायला जागा नाही. फोटो तर लांबच.

गंमत म्हणजे वर्षानुवर्षं पीएचपी हे गुपचूप करत आली. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ८.२ या आवृत्तीपासून ती निदान इशारा तरी देते की हे अक्षर मला कळलं नाही, मी नुसता आकडा धरतेय. तेही जुन्या वेबसाइट मोडू नयेत म्हणून नुसता इशारा, अर्थ आजही तोच.

एककाचा असाच दुसरा सापळा लॉगिनचा आहे. लॉगिन केलेल्या माणसाची माहिती सर्व्हर किती वेळ सांभाळेल, याच्या सेटिंगचा आकडा असतो १४४०. आता १४४० म्हटलं की डोक्यात काय येतं? दिवसाची मिनिटं! २४ गुणिले ६०. म्हणजे एक दिवस. पण हे सेटिंग सेकंदांत आहे. १४४० सेकंद म्हणजे २४ मिनिटं. तेवढा वेळ सर्व्हरला काही हालचाल दिसली नाही की ते लॉगिन साफसफाईत जाऊ शकतं. लांबलचक फॉर्म भरताना मध्येच उत्पन्नाचा दाखला शोधायला घरी जाऊन आलात, तर परत आल्यावर ‘पुन्हा लॉगिन करा’ हे ठरलेलं. मॅन्युअलमध्ये ‘सेकंद’ हा एक शब्द लिहिलाय. फाइलमध्ये नुसता आकडा पाहणाऱ्याला तो दिसत नाही.

मॅन्युअलमधला तिसरा रकाना

पीएचपीच्या मॅन्युअलमध्ये सेटिंगचे तक्ते आहेत. पहिल्या रकान्यात सेटिंगचं नाव, दुसऱ्यात काहीच लिहिलं नाही तर धरलं जाणारं मूल्य, तिसऱ्यात ते सेटिंग कुठून बदलता येतं हे, आणि कुठल्या आवृत्तीत काय बदललं त्याची नोंद.

सगळे पहिले दोन रकाने वाचतात. पण खरा माल तिसऱ्यात आहे.

अपार्टमेंटचं उदाहरण घ्या. खोलीतला पंखा तुम्ही स्विचनं बंद करू शकता. अख्ख्या फ्लॅटची लाइट दाराजवळच्या एमसीबीनं जाते. आणि खाली जिन्यात मीटरची पेटी असते, तिला कुलूप, चावी सोसायटीकडं. पीएचपीची सेटिंगही अशीच आहेत. काही सेटिंग प्रोग्राम स्वतः चालता चालता बदलू शकतो, उदाहरणार्थ मेमरीची मर्यादा किंवा टाइमझोन. काही फक्त त्या फोल्डरच्या पातळीवर किंवा त्याच्या वर बदलतात. आणि काही फक्त सर्व्हरचा मालकच मुख्य फाइलमध्ये बदलू शकतो, जसं की धोकादायक फंक्शन बंद ठेवण्याची यादी. ती जर कुठल्याही प्रोग्रामला बदलता आली असती तर कुलपाला अर्थच नव्हता.

अपलोडच्या दोन्ही मर्यादा मधल्या प्रकारात येतात. का? कारण सोपं आहे. प्रोग्रामची पहिली ओळ चालायच्या आधीच फाइल सर्व्हरवर येऊन पडलेली असते. पाहुणा घरात येऊन बसल्यावर दार लावण्यात काय अर्थ?

तरीही इंटरनेटवर ‘अपलोड लिमिट कशी वाढवायची’ शोधा. प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत आयएनआय_सेट लिहा, असा सल्ला आजही सापडतो. लोक तो कॉपी करतात. पीएचपी एररही देत नाही, ते फंक्शन नुसतं ‘नाही’ असं उत्तर परत करतं, आणि ते उत्तर कुणी तपासत नाही. मर्यादा २ एमबीच राहते. वर्डप्रेसवर ब्लॉग चालवणाऱ्यांनी तर हा अनुभव हमखास घेतलेला असतो. फाइल पीएचपी डॉट आयएनआयमधल्या मर्यादेपेक्षा मोठी आहे, असा निरोप वर्डप्रेस देतं. आता ती फाइल कुठं असते, हा पुढचा प्रश्न.

आणि तो प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. एकाच सर्व्हरवर अशा दोन-तीन फाइल असू शकतात, एक वेबसाइटसाठी, एक कमांड लाइनसाठी. माणूस चुकीची फाइल बदलतो आणि तासभर डोकं आपटतो. योग्य फाइल सापडली तरी सर्व्हर रीस्टार्ट केल्याशिवाय ती सहसा पुन्हा वाचली जात नाही. फोल्डरपुरती वेगळी फाइल ठेवण्याची सोय २००९ मध्ये ५.३ या आवृत्तीत आली, पण तिथला बदल लागू व्हायला पाच मिनिटंही लागू शकतात, कारण सर्व्हर ती दर ३०० सेकंदांनीच नव्यानं बघतो. चौथ्या मिनिटाला ‘हे पण चालत नाही’ म्हणून बदल पुसून टाकणारे कमी नसतील.

कुठली फाइल लागू आहे हे बघायला पीएचपीइन्फो नावाचं एक फंक्शन आहे. ते सगळी सेटिंग एका जांभळ्या पानावर मांडून दाखवतं. काम झाल्यावर ते पान काढून टाकायचं असतं. राहिलं तर जगातला कुणीही तुमच्या सर्व्हरची कुंडली वाचू शकतो.

नाशिकच्या रात्री बारा वाजता सर्व्हरवर किती वाजतात?

टाइमझोनच्या सेटिंगमध्ये काहीच लिहिलं नाही तर आजची पीएचपी यूटीसी धरते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ३० जूनला रात्री बारा वाजता फॉर्म बंद होणार असं प्रोग्राममध्ये लिहिलं असेल, तर तो प्रत्यक्षात १ जुलैला पहाटे साडेपाचला बंद होतो. उशीर करणाऱ्यांची चांदी. पण उलटंही होतं. रात्री बाराला सुरू होणारं बुकिंग साडेपाचला सुरू होतं, आणि लोक रात्रभर पान रिफ्रेश करत बसतात. रात्री दोनला टाकलेल्या पोस्टवर आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेआठ दिसतात.

मधल्या काळात पीएचपीनं यावर चांगलीच कटकट केली होती. ५.३ पासून टाइमझोन लिहिला नसेल तर सर्व्हरच्या घड्याळावर विसंबणं सुरक्षित नाही, असा इशारा पानापानावर यायचा. ७.० मध्ये, डिसेंबर २०१५ ला, तो इशारा काढून टाकला. कटकट गेली, आणि आठवण करून देणारंही कुणी उरलं नाही.

भारतासाठी लिहायचं असतं एशिया/कोलकाता. जुन्या फाइलमध्ये एशिया/कलकत्ता दिसेल, तेही चालतं, कारण २००१ मध्ये शहराचं नाव बदललं तरी जुनं नाव टोपणनाव म्हणून ठेवलंय. एशिया/मुंबई लिहाल तर मात्र फसाल, असं नाव यादीतच नाही. मुंबईनं स्वतःची वेगळी वेळ १९५५ पर्यंत पाळली होती हे खरं, पण पीएचपीला त्याचं काही सोयरसुतक नाही.

सेटिंग बदललं, भाषाच बदलली

आत्तापर्यंतची सेटिंग मर्यादा आणि वेळ ठरवणारी होती. पण पीएचपीत काही सेटिंग अशी होती की ती चालू-बंद केली की प्रोग्रामचा अर्थच बदलायचा. भाषेची खरी बदनामी या सेटिंगनी केली.

रजिस्टर_ग्लोबल्स घ्या. ते चालू असेल तर वेबसाइटच्या पत्त्यात तुम्ही जे टाकाल ते थेट प्रोग्राममधलं व्हेरिएबल व्हायचं. प्रोग्राममध्ये ‘अ‍ॅडमिन’ नावाचं व्हेरिएबल आहे आणि त्याला सुरुवातीची किंमत दिलेली नाही? मग पत्त्याच्या शेवटी ‘अ‍ॅडमिन बरोबर १’ लिहा आणि मालक व्हा. एप्रिल २००२ मध्ये ४.२.० या आवृत्तीत ते आपोआप बंद ठेवायला सुरुवात झाली आणि मार्च २०१२ मध्ये ५.४ मधून ते कायमचं काढलं. मधल्या दहा वर्षांत तोच प्रोग्राम एका होस्टिंगवर सुरक्षित आणि दुसऱ्यावर उघडा, असं चाललं होतं.

मॅजिक कोट्सचा त्रास तर वसईकरांना विचारायला हवा होता. इंग्रजीत डिसोझा लिहिताना डी नंतर अपॉस्ट्रॉफी टाकतात. हे सेटिंग चालू असेल तर पीएचपी त्या चिन्हाआधी एक तिरकी रेघ घालायची, डेटाबेस सुरक्षित राहावा म्हणून. हेतू चांगला. पण ती रेघ परत काढायला प्रोग्रामर विसरला की नावात रेघ घुसायची. माणूस प्रोफाइल उघडून परत सेव्ह करायचा, एक रेघ होती तिच्या तीन व्हायच्या, पुढच्या वेळी सात. डिसोझा, डिमेलो, डिकुन्हा यांच्या नावात कुंपण तयार व्हायचं. हे सेटिंगही ५.४ मध्येच गेलं.

आणि मराठीला सगळ्यात जवळचं प्रकरण म्हणजे अक्षरं मोजण्याचं. पीएचपीला ‘नांदगाव’ची लांबी विचारली तर ती २१ सांगते, कारण ती बाइट मोजते. लॅटिन लिपीबाहेरच्या लोकांसाठी एमबीस्ट्रिंग नावाची वेगळी पेटी आहे. ती मुळात जपानी प्रोग्रामरांनी घडवली, कारण त्यांनाही हाच त्रास होता. तिला यूटीएफ-८ सांगून विचारलं की ७ असं उत्तर येतं. (आपण बोलताना मोजू ती अक्षरं चारच, नां-द-गा-व. त्यासाठी आणखी वेगळं फंक्शन आहे.)

या पेटीसोबत एक सेटिंग यायचं, एमबीस्ट्रिंगचं फंक_ओव्हरलोड. त्याला ठरावीक आकडा दिला की साधं लांबी मोजणारं फंक्शनच गुपचूप बदलायचं आणि २१ च्या जागी ७ सांगायला लागायचं. मराठी वेबसाइटवाल्याला वाटायचं, वा, प्रश्न मिटला. पण फाइल किती बाइटची आहे हे मोजणारा दुसरा प्रोग्रामही तेच फंक्शन वापरत असायचा, आणि तो आता चुकीचा आकडा सांगायचा. एकच ओळ, दोन सर्व्हर, दोन उत्तरं. २०१७ च्या ७.२ मध्ये हे सेटिंग टाळा असं जाहीर झालं, नोव्हेंबर २०२० च्या ८.० मध्ये काढलंच.

जुनी वेबसाइट नव्या होस्टिंगवर नेली आणि ‘काल चालत होती की’ अशी बोंब झाली, तर अशा एखाद्या ओळीवर संशय घ्यायला जागा आहे.

रोल नंबर ५६ चं कोडं

डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये दोन संशोधकांनी दाखवलं की मुद्दाम रचलेल्या नावांचे हजारो रकाने एका फॉर्ममधून पाठवले तर सर्व्हर आकडेमोडीतच गुंतून पडतो. फक्त पीएचपीच नाही, बऱ्याच भाषा यात सापडल्या. पीएचपीनं पुढच्याच महिन्यात ५.३.९ आवृत्ती काढली आणि नवं सेटिंग आणलं, मॅक्स_इनपुट_व्हार्स. एका फॉर्ममधून १००० रकान्यांपेक्षा जास्त घ्यायचं नाही.

उपाय रास्त होता. पण आता एखाद्या शाळेचं मार्क भरायचं पान डोळ्यापुढं आणा. ६० पोरं, प्रत्येकाचे १८ रकाने, एकूण १०८०. बाई सगळे मार्क भरून सेव्ह करतात. १ ते ५५ रोल नंबरचे मार्क पूर्ण जातात. ५६ नंबरचे अर्धे जातात. ५७ ते ६० चं काहीच जात नाही. पानावर ‘यशस्वीरीत्या जतन झाले’ असं हिरवं अक्षर येतं. इशारा येतो, पण तोही लॉगमध्ये. बाईंना वाटतं आपणच भरायला विसरलो.

सर्व्हर अपडेट करणाऱ्यानं नव्या आवृत्तीच्या बदलांची नोंद वाचली असेल तर तो हे आधीच ओळखेल. नाही वाचली तर बाई आणि कॉम्प्युटरवाला यांच्यात भांडण.

मग हे सगळं लिहून कोण ठेवतं?

पीएचपीचं मॅन्युअल जगभरातले स्वयंसेवक लिहितात. आणि एक झकास गोष्ट म्हणजे सेटिंगची नमुना फाइलही स्वतःच एक छोटं पुस्तक आहे. दीड हजाराहून जास्त ओळी, त्यातल्या बऱ्याचशा सूचना. अर्धविरामानं सुरू होणारी ओळ म्हणजे टीप. सेटिंगच्या वर टीप, टिपेखाली मॅन्युअलच्या पानाचा पत्ता, खाली सेटिंग.

या नमुना फाइल दोन येतात. एकेकाळी त्यांची नावं होती ‘डिस्ट’ आणि ‘रेकमेंडेड’. कुठली कशासाठी हे नावावरून कळायचं नाही. २००९ च्या ५.३ मध्ये नावं बदलून ‘डेव्हलपमेंट’ आणि ‘प्रॉडक्शन’ केली. एक घरी काम करताना, एक लोकांसाठी वेबसाइट खुली करताना. चांगलं नाव हेही डॉक्युमेंटेशनच की.

पण एक खाच आहे. दोन्हीपैकी कुठलीच फाइल ठेवली नाही तरी पीएचपी चालते, आपली आतली मूल्यं धरून. आणि आतलं मूल्य व फाइलमधलं मूल्य दर वेळी सारखं नसतं. चुका पानावर दाखवायच्या की नाही, याचं आतलं मूल्य ‘दाखवा’ आहे, प्रॉडक्शन फाइलमध्ये ‘दाखवू नका’. फाइल न ठेवता वेबसाइट सुरू केली तर एरर आली की सर्व्हरवरच्या फोल्डरचा पत्ता येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू शकतो. डॉकरवरची पीएचपीची अधिकृत प्रतिमा नेमकी अशीच येते. दोन्ही नमुने सोबत असतात, पण निवड तुम्ही करायची.

मॅन्युअल इंग्रजीसोबत जपानी, चिनी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, इटालियन, रशियन, युक्रेनियन, तुर्की आणि ब्राझिलियन पोर्तुगीजमध्ये वाचता येतं. भाषांच्या त्या यादीत एकही भारतीय भाषा नाही. टोकियोतला विद्यार्थी १४४० पुढचा ‘सेकंद’ स्वतःच्या भाषेत वाचतो. नांदगावचा विद्यार्थी इंग्रजीत वाचतो, किंवा युट्यूबवर कुणीतरी सांगितलेलं मानतो.

मराठीत हे जमत नाही असंही नाही. मीडियाविकीच्या आत मराठीसाठी एक वेगळी पीएचपी फाइल आहे, मेसेजेस-एमआर. तिच्यात सदस्य, चर्चा, साचा, वर्ग हे शब्द देवनागरीत बसलेत, आणि इंग्रजी आकड्यांच्या जागी देवनागरी आकडे दाखवायचा तक्ताही. १ मे २००३ ला सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर तुम्हाला १, २, ३ दिसतात ते या तक्त्यामुळं.

विकिपीडियाची आणखी एक पद्धत बघण्यासारखी आहे. त्यांच्या सगळ्या भाषांच्या विकींची सेटिंग जाहीर आहेत, कुणीही वाचू शकतं. एखाद्या विकीला सेटिंग बदलून हवं असेल तर आधी त्या भाषेच्या सदस्यांत चर्चा होते, मग खुल्या जागी विनंती नोंदवली जाते, कोणी मागितलं, का मागितलं, चर्चा कुठं झाली. बदल झाला की त्याच नोंदीत दिसतो. दहा वर्षांनी कुणी विचारलं की हे असं का आहे, तर उत्तर सापडतं.

गावातल्या पतसंस्थेच्या किंवा शाळेच्या वेबसाइटसाठी एवढा थाट लागत नाही. बऱ्याचदा वेबसाइट करणारा एकच पोरगा असतो, तो पुण्याला नोकरीला जातो आणि सेटिंग का बदललं होतं हे त्याच्यासोबतच जातं. पण फाइलमधली टीप देवनागरीतही लिहिता येते, पीएचपी ती वाचतच नाही. म्हणजे जाण्याआधी त्यानं एवढं लिहिलं तरी पुरे:

; एका फाइलची मर्यादा ८ एम केली. मोबाइलचे फोटो ४-५ एमबीचे येतात.
; दोन फोटो असतात म्हणून पोस्ट_मॅक्स_साइझ २० एम. ती नेहमी मोठीच ठेवणे.
; एमबी लिहू नये, नुसता एम.
; होस्टिंग बदलल्यास दोन्ही परत तपासणे.

फक्त ओळीच्या सुरुवातीला अर्धविरामच हवा. पूर्वी लोक हॅशचं चिन्हही वापरायचे, ७.० पासून पीएचपी त्याला टीप मानत नाही.